तिला चालणारं तेल

१

पहिला थेंब तिला तिच्याच कपाटात सापडला.

फिकट निळा ड्रेस घालायचा म्हणून तिने घडी उलगडली, तर खांद्याच्या जागी शर्टाच्या बटणाएवढा एक काळपट, जाडसर ठिपका. डाग म्हणावा तर तो अजून ओला होता. बोट लावलं तर बोटाला आला, आणि बोट उलटं धरलं तरी ओघळायचं नाव घेईना. तिने बोट नाकाशी नेलं आणि तिला ओळखायला वेळ लागला नाही. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये नवऱ्याची जुनी गाडी उभी होती, तिच्या इंजिनातलं तेल.

ती जात्याच घाबरट. कुकरची शिट्टी झाली तरी हातातला चमचा उडायचा. नवरा तिला ससा म्हणायचा ते काही उगाच नाही. पण ती शिकलेलीही होती. घरी बसून शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची, म्हणजे चूक कुठून शिरली हे शोधणं हा तिचा रोजचाच धंदा. तिने स्वतःची समजूत घातली. नवऱ्याच्या हाताला तेल असेल, हात कपाटात लागला असेल, झालं. एवढं काय त्यात.

समजूत पटत आली होती, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की थेंब घडीच्या आतल्या बाजूला होता. बाहेरून ड्रेस अगदी स्वच्छ. म्हणजे ड्रेस उलगडलेला असताना थेंब पडला, आणि त्यानंतर कुणीतरी त्याची घडी घातली. घडीसुद्धा तिच्याच पद्धतीची, बाह्या आत, गळा वर. नवऱ्याला तशी घडी सात जन्मांत जमली नसती.

ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली. मग उठली, ड्रेस साबणाच्या पाण्यात भिजत घातला आणि दुसरा चढवला. तो घालताना तिने आधी आतून बाहेरून नीट बघून घेतला, आणि आपण असं का करतोय हे स्वतःला विचारलं नाही.

२

गाडी घरात येऊन काही महिने झाले होते. वयाने ती तिच्या सासूपेक्षा मोठी होती, आणि सासूपेक्षा तिचे लाड जास्त व्हायचे. वस्तीबाहेरच्या एका शेडमधून, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याकडून नवऱ्याने ती आणली. म्हाताऱ्याने म्हणे किल्ली हातात ठेवण्याआधी तेलाचं सांगितलं. हिला जे चालतं तेच द्यायचं, कमी झालं तर वरून तेच घालायचं, नवं धुऊन काढणारं तेल कधीही नाही. एवढं बोलून म्हातारा आत गेला आणि आतून दार लावून घेतलं. गाडी विकणारा माणूस गाडी निघताना निदान एकदा बघतो, यानं तेही केलं नाही, असं नवरा हसत हसत सांगायचा. पहिल्या महिन्यात हसत सांगायचा. पुढे त्याने ते सांगणं सोडून दिलं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. आठवडाभर लोकांना वर-खाली नेण्याची काळजी वाहायचा आणि सुटीच्या दिवशी गॅरेजमध्ये शिरायचा तो जेवायलाच बाहेर यायचा. तिच्या मनात पहिली ठिणगी पडली ती तेलाच्या दुकानात. फिरायला जाऊ म्हणून तो तिला रोजच्या छोट्या गाडीतून घेऊन निघाला आणि वाटेत ‘पाच मिनिटं’ म्हणून तिथे थांबला. ती एका पालथ्या डब्यावर बसली. नवरा आणि दुकानदार काका यांची जी चर्चा जुंपली तशी तिच्या लग्नाच्या वेळीसुद्धा दोन्ही घरांत झाली नव्हती.

किती जाड तेल द्यायचं, थंडीत वेगळं द्यायचं का, एकाच ग्रेडचं बरं की दोन अंकांवालं. काकांना बोलायची भारी हौस. प्रत्येक तेलाची जातकुळी सांगायचे आणि शेवटी जे दुकानात जास्त पडून आहे तेच बरं म्हणायचे.

“नवी तेलं साबणासारखी,” काका म्हणाले. “आतून घासून पुसून काढतात. नव्या इंजिनाला झकास. पण हिच्या पोटात इतक्या वर्षांचा थर बसलाय. तो एका दमात सुटला, तर सुटलेलं कुठे जाऊन थांबेल ते कुणी सांगायचं?”

“नको नको,” नवरा घाईघाईने म्हणाला. “बसलंय ते बसलेलंच राहू दे.”

त्याच्या आवाजात जे होतं त्याला तिने तेव्हा माया म्हटलं. त्याने तेलाचा एक थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून चोळला, डोळे मिटले, बोटं हळूच दूर नेली, मधली तार तुटेपर्यंत. “हे चालेल तिला,” तो म्हणाला. डब्यावर बसून ती हे बघत होती. लग्नाला तीन वर्षं होत आली, तिला कॉफीने धडधडतं हे याच्या लक्षात राहत नव्हतं. दर सुटीला हा कौतुकाने दोन कप कॉफी करून आणायचा आणि तिचा कप तसाच गार व्हायचा. आणि त्या गाडीला काय चालतं, ते डोळे मिटून कळत होतं.

३

कपाटातल्या थेंबाचं तिने जेवताना विचारलं. सहज विचारल्यासारखं, आमटी वाढता वाढता. आधी तो नुसतं ‘हं’ म्हणाला. मग हात थांबला.

“कपाटात? म्हणजे आत?”

आत, घडीत, असं ती म्हणाली. तो ताटावरून उठला. हात धुतला न धुतला आणि स्वयंपाकघरामागच्या बोळातून गॅरेजमध्ये गेला. बॉनेट उघडल्याचा आवाज तिने ऐकला. मग काही नाही. ती बोळाच्या टोकाशी जाऊन दाराआड उभी राहिली.

त्याने तेल मोजायची डिपस्टिक बाहेर काढून दिव्यासमोर धरली होती. तेल टोकाशी जमून थेंब होत होतं आणि पडत नव्हतं. तो त्याच्याकडे बघत होता, आणि हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसं बोलत होता.

“इथे बरं आहे ना तुला? मग? काय कमी पडतंय?”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मागच्या महिन्यात ती तापाने फणफणली होती तेव्हा यानं गोळी पुढे केली आणि ‘झोप जरा’ म्हणाला, बस. ती तशीच मागे वळली. त्याचा हात थरथरत होता तो तिला दिसला होता, नाही असं नाही. पण जळणारं माणूस जे बघायचं तेच बघतं, आणि तिने बघितला तो त्याचा प्रेमाने खाली आलेला आवाज.

त्या दिवसापासून तो रोज कामावर जायच्या आधी तेल बघू लागला. गाडी कुठे नेत नव्हता, तरी बघायचा. गाडीत तिला त्याने एकदाही बसवलं नव्हतं. कोपऱ्यापर्यंत चक्कर मारायची तरी एकटा. अजून भरवसा नाही, तू नको, असं म्हणायचा. गाडीचा भरवसा नाही की माझा, हे तिने तोंडाशी आणून गिळलं.

४

मग कंगव्याच्या दातांत तेल आलं. खोबरेल नव्हे. मग आरशासमोरच्या स्टुलावर. मग तिच्या घरात घालायच्या चपलांत, टाच टेकते तिथे, दोन्ही पायांत सारखंच. प्रत्येक वेळी तिने कारण शोधलं आणि प्रत्येक वेळी ते सापडलं, पण कारणं एकमेकांशी जुळेनात. तिच्या टेबलावर येणाऱ्या मुद्रितांसारखंच होतं ते. एकेक ओळ बरोबर, आणि पान मात्र चुकलेलं.

जेवायच्या टेबलाशी तिच्या खुर्चीच्या पाठीवर डाग दिसला त्या दिवशी तिने खुर्ची बदलली. नवऱ्याने विचारलंही नाही. तो उलट जुन्या खुर्चीकडे बघायचं टाळत होता.

समोरच्या घरात एक काकू शिवणकाम करायच्या. खिडकीला लावलेलं मशीन, आणि मशीनपेक्षा जोरात चालणारी जीभ. रस्त्यावरची मांजरसुद्धा त्यांना चुकवून जात नसे. ती पडद्यांचं माप द्यायला गेली तेव्हा काकूंनी गॅरेजच्या शटरकडे हनुवटी उडवली.

“सवत बरी आहे की गं तुझी. खायला मागत नाही, नुसती प्यायला मागते.”

ती हसली आणि मापाची चिठ्ठी उगाच पुन्हा वाचू लागली. काकूंच्या ते ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी लगेच विषय बदलला.

“आणि तो निळा ड्रेस आणून दे बाई. परवा गॅरेजच्या दारात उभी होतीस ना, बघितलं मी. कंबरेत केवढा सैल होतोय. बारीक झालीस. चार टाके घालून देते.”

निळा ड्रेस तिने धुऊन कपाटात ठेवला होता, त्याला किती दिवस हातही लावला नव्हता. थेंब सापडला त्या सकाळी काढला तोच. ती ‘बरं’ म्हणाली आणि रस्ता ओलांडून परत आली. काकूंचं वय झालंय. काचेतून ऊन पडतं. कुठलीही बाई कुठलीही दिसते. हे सगळं तिने रस्त्याच्या अर्ध्यापर्यंत स्वतःला सांगितलं, आणि उरलेल्या अर्ध्या रस्त्यात एकच वाक्य डोक्यात घुमत राहिलं: कुठलीही बाई.

म्हणजे बाई होती. आपण बाजारात गेलो की येते, आपले कपडे घालते, आपल्या कंगव्याने केस विंचरते, आणि याच्यासोबत गॅरेजमध्ये बसते. हे मनात आलं आणि, खरं सांगायचं तर, तिला जरा हलकं वाटलं. चिडायला माणूस सापडलं की भीती निम्मी होते.

५

नवऱ्याला दोन दिवस बाहेरगावी जायचं होतं. कुठल्याशा मोठ्या इमारतीच्या लिफ्ट अडकत होत्या. कंपनीची गाडी दारात येऊन उभी राहिली, ड्रायव्हरने हॉर्न दिला, आणि हा अजून गॅरेजमध्येच. ती त्याची पाण्याची बाटली घेऊन बोळात उभी. त्याने बॉनेटवर तळहात टेकवला होता आणि तो नुसता उभा होता, आत काही हलतंय का हे बघावं तसा.

बाहेर येताना त्याने बोळातल्या दाराची कडी स्वतः लावली. ओढून बघितली.

“ही कडी काढू नकोस. आणि हे बघ, तेलाला हात लावू नकोस. कमी वाटलं, खाली सांडलेलं दिसलं, तरी नाही. मी आल्यावर बघीन काय ते.”

“आणि मी? माझं काही कमी वाटलं तर?” तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे बघितलं. काहीतरी सांगायला ओठ हलले त्याचे. पण हॉर्न पुन्हा वाजला, आणि तो ‘चेष्टा नको गं’ एवढंच म्हणून निघून गेला.

६

दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर तिने कडी काढली.

गॅरेजमध्ये वरच्या झरोक्यातून उजेड येत होता. भिंतीवर नट फिरवायचे पाने आकाराने लावलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत. गाडीखाली पुठ्ठा अंथरलेला, त्यावर एकावर एक पडून झालेला काळा गोल. जुनं इंजिन थोडं गळतंच, नवरा सांगायचा, त्यात काळजीचं काही नसतं. टप्. आत्ताही एक थेंब पडला. ती दचकली आणि मग आपल्याच दचकण्याचा तिला राग आला.

तिला फक्त बसून बघायचं होतं. एकदा. तिने पुढचं दार उघडलं, ड्रायव्हरच्या शेजारचं, आणि तिथेच थांबली. ती सीट दबलेली होती. रोज कुणी बसल्यासारखी, मधोमध खोलगट. डोकं टेकतं तिथे तेलकट गोल. आणि समोरच्या फळीवर केसांची एक पिन पडली होती. तिचीच. हरवली म्हणून तिने घरभर शोधली होती ती.

इथे बसते तर ती. मला भरवसा नाही म्हणतो, आणि हिला शेजारी बसवतो.

पुढचं तिने फार विचार करून केलं असं नाही, पण हात चुकलेही नाहीत. इतक्या सुट्यांना टॉर्च धरून उभी राहिली होती, तेल कसं बदलतात हे तिला पाठ होतं. मांडणीवर रोजच्या छोट्या गाडीसाठी आणलेला नव्या तेलाचा कॅन होता, सोनेरी, पाण्यासारखं पातळ, घासून पुसून काढणारं. धुऊन निघू दे सगळं, ती मनात म्हणाली. हिचा वास, हिची जागा, हिचं सगळं. फार तर इंजिन बिघडेल. बिघडू दे. नाहीतरी तिला तेच हवं होतं.

ती पुठ्ठ्यावर आडवी झाली. खाली पसरट टब सरकवला. तेलाच्या चेंबरचा नट हलेना, मग एकदम हलला. जुनं तेल आधी आलंच नाही. मग आलं, आणि पडताना त्याचा आवाज होत नव्हता. जाड काळी दोरी कुणी वरून सोडत राहावी तसं ते टबात उतरत राहिलं. तिच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त. संपता संपत नव्हतं.

संपलं तेव्हा ती बाहेर सरकली, गुडघ्यांवर बसली आणि टब ओढून घ्यायला वाकली. तेल आरशासारखं गुळगुळीत दिसत होतं. त्यात तिचा चेहरा, घामेजलेला, कपाळावर काळा पट्टा. तिने मान वर केली.

टबातला चेहरा जरा उशिराने वर झाला.

ती तशीच बसून राहिली. तेल जाड असतं. हललं की थरथरतं, थरथरलं की दिसणारं मागे-पुढे होतं. याला काहीतरी नियम असेल, पुस्तकात असेल. तिने पुन्हा वाकून बघितलं नाही. डोळे कॅनवर ठेवून उठली, नट घट्ट केला, नरसाळं लावलं आणि सगळं नवं तेल ओतलं.

मग खिळ्यावरची किल्ली घेतली. शटर हातभर वर केलं, धूर जायला. ड्रायव्हरच्या सीटवर बसून किल्ली फिरवली तेव्हा तिने शेजारच्या सीटकडे बघायचं टाळलं.

इंजिन खडखडत सुरू झालं. तेलाच्या दाबाचा काटा खाली गेला, अगदी तळाशी, आणि तिला वाटलं, गेलं हे. तिला आनंद झाला. पण काटा हळूहळू उठला. वरच्या बाजूची टकटक एकेक करून थांबत गेली, एकेका माणसाने बोलणं थांबवावं तशी. पुढे राहिला तो नुसता एक सलग, मऊ आवाज. इतका मऊ की नवऱ्याने कधी ऐकला नसेल.

त्या मऊ आवाजाच्या आत, कुठेतरी खोल, काहीतरी ओलं आणि जड सुटलं आणि खाली बसलं.

तिने किल्ली बंद केली.

७

तिने घासघासून अंघोळ केली. धुराने डोकं जड झालं होतं. कडी लावली का? लावली. लावताना बोटाला चिमटा बसला होता, तो अजून दुखत होता, म्हणजे लावलीच. ती आतल्या खोलीत जाऊन पडली. नवऱ्याचा मेसेज आला होता, काम लवकर उरकलं, आजच निघतो, संध्याकाळच्या आत पोचेन. आल्यावर काय सांगायचं याची ती जुळवाजुळव करू लागली, आणि त्यातच तिचा डोळा लागला.

झोप म्हणावी तशी ती झोप नव्हती. अंग उचलत नव्हतं, कान मात्र जागे. न्हाणीघरात पाण्याचा आवाज येत होता. तिला वाटलं, अजून आपली अंघोळच चाललीय. मग कपाटाचं दार वाजलं. कंगवा केसांतून जात राहिला, सावकाश, वरपासून खालपर्यंत. तिने डोळे उघडायचा प्रयत्न केला तर पापण्यांच्या फटीतून आरशासमोरच्या स्टुलावर एक निळी पाठ दिसली. ओले केस. मानेवरून एक काळा ओघळ खाली उतरत होता आणि एक हात टॉवेलने तो टिपत होता, शांतपणे, बाईमाणूस पाणी टिपतं तसा. प्रत्येक वेळी टिपला की ओघळ थोडा फिका होत होता.

स्वप्नात आपण स्वतःला पाठमोरं बघतो, असं कुठेसं वाचलं होतं तिने. तोच आधार धरून ती पुन्हा झोपेत खाली गेली.

पुढे कधीतरी बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला. कप वाजले. तो हसला, मोकळं, पोटातून, लग्नाच्या पहिल्या वर्षात हसायचा तसा. तिला वाटलं, आला. आता उठवेल आपल्याला. येईल आत, कपाळाला हात लावेल. ती वाट बघत राहिली, जिभेला शब्द फुटत नव्हता. तो आत आला नाही.

८

जाग आली तेव्हा ऊन खिडकीच्या खालच्या गजावर उतरलं होतं.

“आलास का रे?” तिने हाक मारली. घरात कुणी नव्हतं. बाहेरच्या खोलीत त्याची प्रवासाची बॅग होती, सोफ्यावर टाकलेली, चेन अर्धी उघडी. बेसिनमध्ये दोन कप, दोन्ही कॉफीचे, दोन्ही तळापर्यंत रिकामे. एकाच्या काठावर ओठांचा तेलकट अर्धगोल. तिची जुनी खुर्ची टेबलाजवळ ओढलेली, त्याच्या खुर्चीला खेटून.

खरं तर तेव्हा भीती वाटायला हवी होती. तिला आधी वाटलं ते हे, की माझ्यासाठी तो कधी खुर्ची इतकी जवळ ओढत नाही.

बोळातलं दार सताड उघडं होतं. फरशीवर पावलं उमटली होती, अनवाणी. गॅरेजमधल्या टबापासून निघालेली. टबाजवळची पावलं दाट काळी, बोटं न बोटं भरलेली. बोळात ती तपकिरी झाली होती. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी नुसती ओलसर, आणि तिथून पुढे कपाटाकडे गेलेली जवळजवळ स्वच्छ, कुणाही बाईची अंघोळीनंतर उमटतात तशी. तिने एका पावलाशेजारी आपलं पाऊल ठेवलं. लगेच उचललं.

गॅरेज रिकामं होतं. शटर पूर्ण वर. पुठ्ठ्यावर जुना काळा गोल, त्यावर नवा थेंब एकही नाही.

ती तशीच अनवाणी रस्त्यावर आली. खिडकीतलं मशीन थांबलं.

“अगं, परत कधी आलीस?” काकूंनी विचारलं. “मघाशी तर गेलात ना दोघं गाडीतून? किती दिवसांनी बाहेर काढली म्हणून मी उठून बघितलं. तू पुढे बसली होतीस, त्याच्या शेजारी. निळा ड्रेस. आता छान बसतोय गं अंगाला, टाके घालायला नकोत. मी हात केला. त्याने केला, तू नाही केलास.”

तिने वळून रिकाम्या गॅरेजकडे बघितलं.

“काय झालं? भांडलात वाटेत?” काकू पुढे वाकल्या. “जाताना तर कसा खुशीत होता. सारखा तुझ्याकडेच बघत होता. गाडी कसली चालवणार असा माणूस, मी म्हटलंसुद्धा.”

ती घरात आली. फोन पलंगावर होता. बोटांना नंबर लावायला जमेना, मग जमलं. रिंग वाजत राहिली आणि बंद पडली. तिने पुन्हा लावला. खिडकीतून दिसणारा रस्ता रिकामा होता, वळणापर्यंत. पुन्हा बंद पडला. या रस्त्याने पुढे कुठे जातात हे तिला माहीत होतं, वळण, पूल, मग सरळ मोकळा रस्ता, तिथे एकदा ने ना मला, असं ती किती वेळा म्हणाली होती. उचल ना रे, ती म्हणाली. एकदा उचल. काय सांगायचं ते तिने ठरवलं. गाडी बाजूला घे. शेजारी बघू नकोस. उतर आणि घरी ये, मी इथे आहे, मी घरी आहे.

रिंग थांबली.

आधी इंजिनाचा आवाज आला, सलग, मऊ. मग वारा, उघड्या काचेतून येतो तसा. मग लांबून, हसण्यातून अजून पूर्ण बाहेर न आलेला नवऱ्याचा आवाज, “कुणाचा गं?”

तिने बोलायला तोंड उघडलं. पण तिच्याआधी पलीकडून कुणीतरी बोललं, अगदी फोनला ओठ लावून. आपलाच आवाज यंत्रातून परत ऐकताना वाटतो तसा तो होता, ओळखीचा आणि जरासा पातळ.

“हॅलो,” तो आवाज म्हणाला. “मी बोलतेय.”